ती पलंगाखाली पळते

प्रश्न : डॉक्टरबाई, स. न. वि. वि.

मी ६८ वर्षांची, डोंबिवलीत एकटी राहते. आमची मांजर ठकी सोळा वर्षांची आहे. २००९च्या जुलैत धो धो पावसात बिल्डिंगच्या मीटरबॉक्समागे ओरडत होती. ह्यांनी रुमालात गुंडाळून वर आणली. काळी-पिवळी-पांढरी, तिरंगी. हे जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच.

गेलं वर्षभर ती मोरीतल्या बादलीतलं पाणी सारखी प्यायची. मला वाटलं, उन्हाळा आहे. उन्हाळा संपला तरी पीतच राहिली, आणि मी काही केलं नाही. दिवाळीनंतर उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं. चार किलोची मांजर २.६ किलोवर आली. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, ५.४ निघालं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या थकल्यात, त्या बऱ्या होणार नाहीत. रोज १०० मिली सलाइन कातडीखाली कसं द्यायचं ते त्यांनी मला शिकवलं. मी खिडकीच्या ग्रिलला बाटली अडकवली, की ती पलंगाखाली पळते. मी झाडूच्या दांड्याने तिला बाहेर काढते, सुई लावते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते. सोळा वर्षं माझ्या उशाशी झोपणारी मांजर आता माझी चाहूल लागली तरी दबकते.

किडनीचं खास खाणं आणलंय, त्याला ती तोंड लावत नाही. परवा न राहवून बोंबलाचा तुकडा दिला, तो मात्र खाल्ला. चुकलं का माझं? मुलगा बंगळुरूहून म्हणतो, "आई, तिचे हाल करू नकोस, सोडून दे." डॉक्टरांनीही झोपेच्या इंजेक्शनचं सुचवलं. धाकटी बहीण म्हणते, मांजर मारण्यासारखं पाप नाही, काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. भिशीच्या बायकांबरोबर अष्टविनायकाला जायचं होतं. कंबर धरलीय असं खोटंच सांगितलं. मांजरीसाठी थांबलेय म्हटलं असतं तर हसल्या असत्या. मी काय करू? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, अंक छापून हातात येईपर्यंत महिना जातो आणि ठकीकडे इतका वेळ आहे की नाही, कुणी सांगावं. म्हणून सलाइनचं आणि खाण्याचं तुम्हाला आधीच पत्राने कळवलं आहे. इथे ते पुन्हा लिहिते, कारण अशा पत्रांत तुमचं एकच नसतं.

ती बाटली पाहून पलंगाखाली पळते, हे वाचून तुम्हाला रडू येतं. मला मात्र तुमच्या अख्ख्या पत्रातली ती सगळ्यात चांगली बातमी वाटली. असं का वाटलं, ते माझ्या दाजीच्या गोष्टीवरून सांगते.

दाजी माझा बोका. मोठ्या डोक्याचा, एक कान फाटलेला, गल्लीतल्या भांडणांत हयात घालवलेला. चौदाव्या वर्षी त्याच्याही किडन्या गेल्या. मी नाशिकला अडतीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी केली. त्यातली पहिली दहा-बारा गाई-म्हशींच्या गोठ्यांत गेली, मांजरं नंतर आली. घरातच डॉक्टर म्हटल्यावर दाजीला कशाची कमी? सलाइन, उलटीचं औषध, भूक लागायची गोळी, सगळं वेळच्या वेळी. सुरुवातीला तो मला ओरबाडायचा. माझ्या मनगटावर त्याची एक खूण अजून आहे. पुढे ओरबाडायचा थांबला. सुई टोचली तरी हलायचा नाही. मी घरात सांगत सुटले, "बघा, शहाणा झाला माझा दाजी, सवय झाली त्याला." सवय कुठली? नको म्हणायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. हजारो जनावरं तपासलेल्या मला माझ्याच बोक्याचं हे दिसायला आठ दिवस लागले. सुई हातात धरता येत होती, म्हणून लावत राहिले. ते आठ दिवस त्याचे नव्हते, माझे होते.

तेव्हा ठकी पळते तोवर पळू दे. बाटली पाहायची, धोका ओळखायचा, पलंगापर्यंत चार उड्या मारायच्या, एवढं बळ तिच्यात आहे. ज्या दिवशी बाटली पाहूनही ती जागची हलणार नाही, त्या दिवशी 'सवय झाली' म्हणू नका. डॉक्टरांना फोन करा.

झाडूचा दांडा मात्र आजपासून बंद. पलंगाखालची जागा तिची राहू द्या, तिथे कधीच पकडायचं नाही. ती बाहेर, बाल्कनीत किंवा सोफ्यावर असताना टॉवेलमध्ये अलगद उचला. सलाइनची जागा वेगळी आणि रोज एकच ठेवा. धुण्याच्या मशीनवर जाड टॉवेल अंथरला तर उंची बरोबर होते, तुमची कंबरही वाकत नाही. बाटली तिच्यासमोर अडकवू नका. आधी अडकवून ठेवा, मग तिला आणा. थंड द्रव पाठीत शिरल्यावर कुणीही पळेल, म्हणून बाटली आधी दहा मिनिटं कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करा आणि तान्ह्या बाळाचं दूध बघतो तसा एक थेंब मनगटावर टाकून बघा. दर वेळी सुई नवी. बारीक सुईने कमी दुखेल असं वाटतं, पण तिच्यातून १०० मिली जायला इतका वेळ लागतो की मांजर वैतागते. जरा जाड सुईने चार-पाच मिनिटांत काम होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. खांद्यावर पाण्याचा फुगा येतो, तो कधी पुढच्या पायापर्यंत ओघळतो. घाबरू नका, काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर त्या दिवशी पुन्हा सलाइन न देता विचारा. आणि सलाइननंतर ती धापा टाकायला लागली, झोपेत मिनिटाला चाळीसच्या वर श्वास मोजलेत, तर पाणी हृदयाला झेपत नाही असं समजून लगेच दवाखाना गाठा.

सलाइन हे हाल आहेत का? माझं मत, आज तरी नाहीत. किडनी थकली की लघवी दाट होत नाही. पाणी नुसतं वाहून जातं, ते भरून काढायला मांजर बादल्या रिकाम्या करते, तरी आतून सुकत जाते. सुकली की मळमळ, सुस्ती, बद्धकोष्ठ. सलाइन किडनी सुधारत नाही, ते फक्त हे सुकणं थांबवतं. दिल्यावर दोन-तीन तासांनी ती अंग चाटते का, खिडकीत बसते का, ते बघा. तसं होत असेल तर टोचण्याची किंमत वसूल होते आहे. काहीच फरक पडत नसेल तर ते कुणासाठी चाललंय, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायच्या आधी स्वतःला विचारा. सलाइन थांबवायचीही तुम्हाला मुभा आहे. तसं केलंत म्हणून तुम्ही तिला टाकलं असं होत नाही.

बादलीतल्या पाण्याचंही खरं सांगते. म्हातारी मांजर अचानक जास्त पाणी प्यायला लागली तर ते लक्षणच असतं, आणि ज्यांच्या घरी दहा वर्षांवरचं मांजर आहे त्यांनी आता रक्त-लघवी तपासून घ्यावी. तुम्ही तेव्हा गेला असतात तर वेगळ्या खाण्याने ठकीला काही महिने, कदाचित त्याहून जास्त मिळाले असते. पण किडनीचं काम साधारण तीन चतुर्थांश बुडेपर्यंत क्रिएटिनीन हलत नाही. म्हणजे तुम्हाला बादली दिसली तेव्हा बरंच आधीच होऊन गेलेलं होतं, आणि गेलेली किडनी परत आणणारं औषध माझ्याकडेही नव्हतं. दाजीचं पाणी वाढलेलं मलासुद्धा मोलकरणीने सांगितलं.

आता बोंबील. चुकलं नाही. किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी असतो आणि आजाराच्या सुरुवातीला त्याचा खूप उपयोग होतो. पण क्रिएटिनीन पाचाच्या वर गेलं की आम्ही त्याला शेवटचा, चौथा टप्पा म्हणतो. इथे योग्य खाणं न खाण्यापेक्षा चुकीचं खाणं खाल्लेलं बरं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरही बिघडतं. सुका बोंबील खारा असतो, तो नको. ओला बोंबील किंवा कोंबडीचा तुकडा नुसत्या पाण्यात शिजवा. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर चुकूनही नाही. त्याने मांजराचं रक्त नासतं. कोमट असतानाच द्या, मांजर आधी नाकाने जेवते. बशीपाशी येते, हुंगते, ओठ चाटते आणि तोंड फिरवते, असं होत असेल तर तिला भूक आहे पण मळमळतंय. त्यावर इंजेक्शनं आणि गोळ्या आहेत, भूक वाढवणारी गोळीही आहे. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून आठवणीने मागा. सिरिंजने तोंडात कोंबू नका. त्याने तिला त्या अन्नाचीच नफरत बसते. आणि शेजारच्या कुणी कणकण वाटते म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी सुचवली तर हात जोडा. माणसाची ती साधी गोळी मांजराला मारते.

इंजेक्शनचं लिहायला मला कधीच सोपं गेलेलं नाही.

लोक म्हणतात, तिला तिच्या मरणाने जाऊ द्या. ते झोपेत, शांतपणे येईल असं त्यांच्या मनात असतं. किडनीचं मरण बहुधा तसं येत नाही. तोंडात व्रण, श्वासाला उग्र वास, रिकाम्या पोटी उलट्या, शेवटी कधी झटके. यात चार-पाच दिवस जाऊ शकतात. मांजर ओरडत नाही, कोपऱ्यात तोंड खुपसून बसते, आणि आपल्याला वाटतं की ती शांत आहे.

इंजेक्शनच्या वेळी आधी गुंगीचं देतात, पाच-दहा मिनिटांत गाढ झोप लागते. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. मिनिट-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा श्वास आल्यासारखा वाटतो, लघवी होते. हे आधी सांगितलं नाही तर घरचे हादरतात, म्हणून सांगतेय. डॉक्टरांना घरी यायला विनवा. तुम्ही जवळ असाव्यात असं मला वाटतं, पण नाही धीर झाला तर नाही. बाहेर थांबलेल्या माणसांचंही प्रेम मी पाहिलं आहे.

सोन्याचं मांजर माझ्या आजीनेही सांगितलं होतं. दूध लाटलं म्हणून रागाने काठी घालणाऱ्या माणसाला धाक बसावा, यासाठी ते होतं असं मी समजते. तसं नसेल, तर मी आजवर सोडवलेल्या मांजरांच्या हिशेबाने मला काशीला सोन्याचा ट्रक न्यावा लागेल. बहिणीशी वाद घालू नका. फक्त तारीख तिला विचारून ठरवू नका.

तारीख ठकीही ठरवणार नाही. ती तुम्हालाच ठरवावी लागेल आणि ठरवताना पोटात खड्डा पडेल. माझी एक रीत आहे. तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असेलच. ठकी ठकी आहे हे ज्यांवरून ओळखू येतं अशा तीन गोष्टी त्याच्या पाठीमागे लिहा. आजारी नव्हती तेव्हाच्या, तिच्या एकटीच्या. तोंड धुते का, दार उघडल्यावर येते का, कावळ्याला बघून दात वाजवते का, असं काही. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने तीनपैकी किती ते लिहा. आठवणीवर विसंबू नका. एक चांगली संध्याकाळ आली की आपण मागचे पाच वाईट दिवस विसरतो, दाजीच्या वेळी माझं तेच झालं. सलग चार-पाच दिवस शून्य किंवा एक आला की मुलाला बोलावून घ्या. 'सोडून दे' म्हणणारा तो, पण मला वाटतं त्याला भीती ठकीची कमी आणि तुमची जास्त आहे. येईल तो. नंतर तिला कुठे न्यायचं ते महापालिकेत आत्ताच विचारून ठेवा, त्या दिवशी सुचत नाही.

भिशीच्या बायकांना कंबरच सांगा. काही बिघडत नाही.

एक राहिलं. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांच्या झेरॉक्समध्ये रक्तदाब कुठे नाही. किडनीच्या मांजरांचा तो बरेचदा चढतो आणि एका रात्रीत दृष्टी जाऊ शकते. पुढच्या खेपेला मोजून घ्या, पट्टा पायाला किंवा शेपटीला बांधतात, टोचावं लागत नाही. मधल्या काळात ती खुर्चीच्या पायाला धडकायला लागली किंवा भर उजेडात तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर त्याच दिवशी न्या. त्यावरची गोळी स्वस्त आहे, आणि पलंग कुठे आहे ते तिला दिसायला हवं.