यकृतात गाठी, मूळ सापडत नाही? आधी बायोप्सीचा ब्लॉक मागून घ्या

बहिणीच्या यकृतात आठ गाठी, सीटीवर ‘मेटास्टेसिस’ (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर), एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपी कोरी, एएफपी-सीईए या कॅन्सरच्या रक्तचाचण्या नॉर्मल आणि तिला स्वतःला फारसा त्रास नाही. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोची फाइल अश्शीच होती. निघालं भलतंच: एपिथेलिऑइड हेमँजिओएंडोथेलिओमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींचा दुर्मीळ कॅन्सर. मी डॉक्टर नाही, आणि तुमच्याकडे हेच असेल असंही म्हणत नाही.

आमची पहिली बायोप्सी ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) म्हणून आली. या गाठीच्या पेशींतही कधी कधी केराटिन (अ‍ॅडिनोकार्सिनोमात दिसणारं प्रथिन) पॉझिटिव्ह येतं, त्यावरून गफलत होते, हे फार नंतर कळलं. मी मात्र त्या एका शब्दावर विसंबून पाच महिने मूळ गाठ शोधत हिंडलो. सेकंड ओपिनियन तीन घेतली, तिन्ही रिपोर्टच्या झेरॉक्सवर! बायोप्सीच्या स्लाइड कुणी पाहिल्याच नाहीत, कारण मी नेल्याच नव्हत्या.

शेवटी एका रेडिओलॉजिस्टबाईंनी कागद बाजूला सारून स्कॅनची सीडी लावली. गाठी सगळ्या यकृताच्या कडेकडेने, काही एकमेकींत मिसळलेल्या. एके ठिकाणी पृष्ठभाग फुगण्याऐवजी आत ओढला गेलेला. एमआरआयवर वर्तुळात वर्तुळ, आणि एक शीर गाठीच्या काठाशी येऊन निमुळती होत संपलेली, काडीवरच्या लॉलीपॉपसारखी. त्या एवढंच म्हणाल्या, “ब्लॉक आणा.” म्हणजे बायोप्सीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा.

त्या ब्लॉकसाठी लॅबच्या खिडकीवर चार खेपा. आधी “स्लाइड मिळतील, ब्लॉक नाही”, मग “पेशंटची सही आणा”, मग “सर रजेवर”. अजून आठवलं की डोकं फिरतं. वस्तू केवढी, तर प्लॅस्टिकच्या चौकटीत मेण आणि त्यात काडीच्या टोकाएवढा तुकडा! त्यावरच सीडी ३१, सीडी ३४, ईआरजी हे रक्तवाहिन्यांच्या पेशी ओळखणारे मार्कर पॉझिटिव्ह आले आणि शेवटी या आजाराची खास खूण असलेल्या सीएएमटीए १ नेही शिक्कामोर्तब केलं.

तेव्हा पहिल्याच फेरीत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सीडी घरी उघडते का बघून मगच निघा, आमची एक रिकामी निघाली होती. पुन्हा बायोप्सी करायची वेळ आलीच तर कोअर बायोप्सीबद्दल (जाड सुईने अख्खा तुकडा काढणं) विचारा. नुसत्या बारीक सुईने काढलेल्या पेशींवर हे निदान अवघड जातं.

केमोची तारीख मिळाली असेल तर माझं मत, चुकीचंही असेल: त्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवेपर्यंत थांबता येईल का. हा आजार कुणात वेगाने वाढतो, कुणात वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि गाठी अनेक असल्या तरी यकृत प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकतो. माझ्या बायकोला पहिलं दीड वर्ष नुसतं स्कॅनवर ठेवलं होतं.

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये कोणकोणते मार्कर लावलेत, तेवढं इथे टाका.