चष्मा असेल तर आकाशदर्शनासाठी कोणती द्विनेत्री दुर्बीण घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४८, दूरचा नंबर उणे अडीच आणि त्यात थोडा सिलिंडर (डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसते, त्याचा नंबर), गाव कळंब तालुक्यात, मान लवकर दुखते. आकाश बघायला २०×८० ची दुर्बीण घेऊ का, आणि चष्मा लावून बघू की काढून?

२०×८० घेऊ नका. १०×५० घ्या, हात लवकर भरून येत असतील तर ८×४२. का ते सविस्तर सांगतो, कारण दुकानात तुम्हाला नेमकं उलटं सांगतील.

पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. २०×८० चं वजन दोन किलोच्या आसपास भरतं. वीस पट मोठं दिसतं तेव्हा हाताचा कंपही वीस पट दिसतो, म्हणून ती स्टँडशिवाय चालत नाही. आणि स्टँड आपल्याकडे नेमका नको तिथे अडतो. आपला मराठवाडा साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे द्विनेत्रीतून सगळ्यात सुंदर दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी थेट डोक्यावर येतात. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊच्या सुमारास कृत्तिका माथ्यापासून जेमतेम पाच-सहा अंशांवर असतात. मार्चमध्ये नऊ-साडेनऊला पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ अगदी माथ्यावर असतो, इकडे-तिकडे एखादा अंश. मृगातला तेजोमेघ (वायू-धुळीचा ढग) आणि देवयानी दीर्घिकाही (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी) पुष्कळ वर चढतात. साध्या कॅमेऱ्याच्या स्टँडवर दुर्बीण लावून सरळ वर बघायचं तर मान मोडून स्टँडच्या पायांत घुसावं लागतं. दुखऱ्या मानेला हे झेपणार नाही.

म्हणून आपल्या आकाशाला निजून बघण्याची दुर्बीण लागते. माळवदावर किंवा गच्चीवर बाज टाका, डोक्याखाली पातळ उशी घ्या आणि दोन्ही कोपरांखाली एकेक जाड उशी किंवा तक्क्या सरकवा. दुर्बीण मधोमध नव्हे, जरा पुढे, मोठ्या भिंगांच्या बाजूला धरा. कोपरांना आधार मिळाला की १०×५० बऱ्यापैकी स्थिर राहते, आणि एक किलोच्या आतबाहेरचं वजन अर्धा तास सहज पेलतं. मान तर वापरावीच लागत नाही. मी लोकांना आकाश दाखवतो तेव्हा बाज आधी टाकतो, दुर्बीण नंतर काढतो. उभ्याने बघणारा माणूस दोन मिनिटांत “दिसलं, दिसलं” म्हणून दुर्बीण परत देतो. निजलेला माणूस देत नाही.

आता चष्मा. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून बघता येतं, कारण फोकसचं चाक तेवढी दुरुस्ती करतं. (फक्त उणे सहा-सातच्या पुढे नंबर असेल तर चाक तिथवर फिरतं का, ते आधी तपासायचं.) वाचण्यापुरता चाळिशीचा चष्मा असेल तर प्रश्नच नाही, काढून ठेवा. सिलिंडर नंबर मात्र दुर्बिणीला दुरुस्त करता येत नाही. तो अर्ध्याच्या आसपास असेल तर बहुधा जाणवत नाही. एकच्या पुढे असेल तर चष्मा लावूनच बघा. अधलामधला असेल तर परीक्षा सोपी आहे: चष्मा काढून एखाद्या ठळक ताऱ्यावर शक्य तेवढा बारीक फोकस करा. तारा टिंबासारखा दिसला तर चष्म्याची गरज नाही. तो रेघेसारखा ओढलेला दिसला, आणि डोकं तिरकं केल्यावर रेघही तिरकी झाली, तर तो तुमच्या डोळ्याचा सिलिंडर आहे, दुर्बिणीचा दोष नाही.

चष्मा लावून बघायचं ठरलं तर पट आणि व्यास यांच्याही आधी बघायचा आकडा म्हणजे आय रिलीफ. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब असला तरी पूर्ण दृश्य दिसतं, ते हे अंतर. चष्म्याची काच डोळ्यापुढे काही अंतरावर असते, म्हणून डोळा भिंगाला भिडत नाही. आय रिलीफ १०-१२ मि.मी. असेल तर कडेचं आकाश कापलं जातं आणि किल्लीच्या भोकातून बघतोय असं वाटतं. चष्म्यावाल्याला किमान १६ मि.मी. हवं, १७ ते २० असेल तर उत्तम. इथेच फसगत होते, कारण दोन १०×५० बाहेरून सारख्या दिसतात, पण एकीचं आय रिलीफ १२ असतं आणि दुसरीचं १७. डब्यावर नसेल तर माहितीपत्रकात शोधा, तिथेही नसेल तर ती घेऊ नका.

छापील आकड्यावरही पूर्ण विसंबू नका, कारण भिंग कधी कधी रबरी कडीच्या आत खोल बसवलेलं असतं. दुकानात स्वतःचा चष्मा लावून, कडी पूर्ण खाली फिरवून (जुन्या पद्धतीची असेल तर दुमडून) बाहेरच्या उजेडाकडे बघा. गोल दृश्याची काळी कड चहूबाजूंनी स्वच्छ दिसली पाहिजे. डोळे फिरवल्यावर काळ्या सावल्या आत येत असतील तर ती दुर्बीण तुमची नाही. प्रोग्रेसिव्ह काचा (एकाच काचेत दूरचा आणि वाचायचा नंबर) असतील तर डोळा वाचायच्या भागात घसरतो आणि तारे पुसट होतात. फक्त दूरच्या नंबरचा एक साधा, जुना चष्मा रात्रीसाठी बाजूला ठेवा. निजून बघताना दुर्बिणीचं वजन चष्म्यावर टाकू नका, नाकावर वळ उठतो आणि काचेवर चरे पडतात. बोटं गालाला टेकवा, वजन हातांवर राहू द्या.

५० ला १० ने भागलं की ५ येतात. दुर्बिणीतून येणारी प्रकाशाची चकती एवढ्या मिलिमीटरची असते. अंधारात तरुणाची बाहुली सातपर्यंत उघडते, पन्नाशीला बहुधा पाचच्या आसपास. म्हणून तुम्हाला ७×५० चा सगळा प्रकाश वापरता येईलच असं नाही, १०×५० आणि ८×४२ चा मात्र येईल. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे बघितलं की ही चकती दिसते. ती पूर्ण गोल हवी. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतले लोलक (प्रिझम) हलक्या प्रतीच्या काचेचे आहेत.

दुसरी तपासणी दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का याची, आणि ही चुकवू नका. दूरची विजेची तार किंवा गच्चीचा कठडा बघत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर मागे न्या. दोन्ही चित्रांत ती आडवी रेघ एकाच उंचीवर हवी. वर-खाली असेल तर डोळे ओढून-ताणून ती जुळवत राहतात आणि अर्ध्या तासात डोकं धरतं. पुष्कळांना वाटतं चष्म्यामुळे दुखतंय. झूमवाली, लाल काचेची आणि फोकस करावाच लागत नाही असं सांगून विकतात ती, या तिन्ही टाळा.

घरी आणल्यावर उजवं पुढचं भिंग तळहाताने झाका, डाव्या डोळ्यासाठी मधलं चाक फिरवा. मग डावं झाका आणि उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवून तारा बारीक करा. कडीवरची ती खूण लक्षात ठेवा. चष्मा लावून आणि काढून ती वेगळी येऊ शकते.

यातून शनीची कडी दिसणार नाहीत, त्यासाठी साधारण पंचवीस-तीस पट तरी लागतात. गुरूचे चार मोठे चंद्र दिसतील, चंद्रावरची विवरं दिसतील, आणि अमावास्येच्या आसपास देवयानी दीर्घिकेचा लांबट धूसर पट्टा, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूरचा. मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेला, क्षितिजापासून २४ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ नक्की शोधा. तो एवढा खाली असतो की तिथे स्टँड चालतो, आणि उन्हाळ्यात बाजा तशाही माळवदावर असतातच.

सिलिंडर नेमका किती आहे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून बघून खाली लिहा, मग चष्मा लावून की काढून ते नक्की सांगतो.