चटईला जमतं ते

प्रश्न असा आलाय: 'रेझिलियन्स'ला, म्हणजे संकटातून सावरून उभं राहण्याच्या ताकदीला, मराठीत 'स्थितिस्थापकत्व' म्हणावं की 'सोशिकपणा'?

दोन्ही नको. सोशिकपणा आधी निकालात काढतो: कुणाला सोशिक म्हटलं की सोसायला लावणाऱ्याचं फावतं. लवचीकपणा, चिवटपणा वगैरे कोशात बघून घ्या. माझं डोकं उठतं ते स्थितिस्थापकत्वानं आणि त्याच्या जुळ्या भावानं. पूर ओसरतो न ओसरतो तोच बातमी हजर: 'जनजीवन पूर्वपदावर'. अहो, समासाला पूर्वपद असतं तसं उत्तरपदही असतं! माणूस एव्हाना तिकडे पोचला असेल, अशी शंकाही या मंडळींना शिवत नाही.

परिभाषाकारांचा बचाव मला पाठ आहे. लॅटिन 'रेसिलिरे' म्हणजे उसळून मागे येणं, तेव्हा स्थितिस्थापकत्व चपखलच. चपखल आहे, स्प्रिंगला. शाळेत आपण पदार्थविज्ञानात शिकलो तो हा शब्द त्याच्या कितीतरी आधी न्याय-वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनांच्या घरचा. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रह' या त्यांच्या पाठ्यग्रंथात 'संस्कार' नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितलेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली वस्तू ज्याच्यामुळे पुन्हा मूळ अवस्थेत येते तो स्थितिस्थापक. आणि तो राहतो कुठे? 'कटादिपृथिवीवृत्तिः', म्हणजे कट वगैरे पार्थिव वस्तूंत. कट म्हणजे चटई! आत्म्याच्या वाट्याला हा संस्कार दिलेलाच नाही. त्याच्याकडे असते भावना: अनुभवातून उपजलेली, पुढे स्मरण घडवणारी. चटईला आठवत नाही, म्हणून ती खुशाल होती तशी होते.

आता खरी गंमत धातूंत आहे. स्थितिस्थापकात 'स्था' दोनदा येतो, म्हणजे उभा राहा आणि तिथंच उभा राहा. भावना मात्र 'भू'च्या प्रयोजकाची, होण्याची, घडवण्याची. वैद्य चूर्णाला 'भावना देतात' ती हीच, असं माझं ठाम मत. रसात भिजवायचं, खलायचं, वाळवायचं, की पुन्हा भिजवायचं. सातव्या भावनेनंतर ते चूर्ण पूर्वपदावर आणून दाखवा बरं! एक संस्कृतज्ञ स्नेही यावर नाक मुरडतात, दर्शनातला शब्द आणि खलबत्त्यातला शब्द एकत्र कुटू नयेत म्हणे. धातू तोच, प्रत्यय तोच, मग सोवळं कसलं पाळायचं? संकटातून निघालेला माणूस मला तरी त्या चूर्णाच्या जातीचा दिसतो. दिसायला तोच, पण कणाकणात काहीतरी मुरलेलं.

हां, तुमचा प्रश्न. 'तग' घ्या. दुसरीकडे नेऊन लावलेलं रोप अर्धी पानं गाळतं, त्याची एखादी फांदी वाळते, मग भलत्याच बाजूनं फुटवा येतो आणि आपण म्हणतो, रोप तगलं. आधीसारखं झालं का, हे कुणी विचारत नाही. फक्त नामाच्या हट्टापायी त्याचं 'तगक्षमता' किंवा 'तगशीलता' करू नका. 'तगणं' हे धडधाकट क्रियापद आहे, ते तसंच चालवा.