अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं का? आत बघण्यासारखं काय आहे?

जाता येतं, पण सुट्टी बघून तारीख ठरवू नका, आधी कालनिर्णयात तिथी बघा. पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, आठवते? तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चार पाऊणे तीन. म्हणजे चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. किल्ल्यासाठी तृतीया-चतुर्थी मला सगळ्यात सोयीची वाटते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर, आणि पाणी नीट हटतच नाही. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळलं की तासाभरात परत फिरा. मी एकदा देवळाच्या ओट्यावर गप्पा मारत बसलो आणि येताना कमरेएवढ्या पाण्यातून आलो. एक चप्पल समुद्राला वाहिली. टांगेवाला वरून ओरडत होता ते वेगळंच.

किल्ला शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला. त्याच वर्षी महाराज गेले, काम संभाजी महाराजांनी पुरं केलं. पण नाव गाजलं ते कान्होजी आंग्र्यांमुळे. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

आत शिरायची घाई करू नका. आधी तटाजवळ उभे राहा. प्रचंड दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. फटीत सहज बोटं जातात. लाट आदळली की पाणी या फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो, असं सांगतात. मग दरवाजावरचे कोरलेले प्राणी बघा. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, अजून पूजेतलं. चारी बाजूंना खारं पाणी असून आत गोड्या पाण्याचा साठा आहे, तो मला दरवेळी नवलाचा वाटतो.

उत्तरेच्या टोकाला चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. सगळे त्यांच्यावर चढून फोटो काढतात आणि मराठ्यांच्या तोफा म्हणून टाकतात. वाकून अक्षरं वाचा: लो मूर, यॉर्कशायर. त्या इंग्रजी कारखान्यातल्या आहेत. समोरचा छोटा कोट म्हणजे सर्जेकोट, वेळ उरला तरच.

बूट नकोत, अनवाणीही नको. वाटेतल्या खडकांवर कालवं असतात, पाय चरचरीत कापतो. पट्ट्याच्या सँडल घाला.