दोन महिन्यांचं पॉमेरेनियन घरभर शू करतंय, लसी अपूर्ण म्हणून खाली नेता येत नाही. काय करू?

बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये एकच कोपरा ठरवा, तिथे वर्तमानपत्र किंवा पी-पॅड (शू शोषून घेणारा पातळ पॅड) अंथरा आणि पिल्लाला वेळच्या वेळी उचलून न्या: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि जागं असेल तर दर तासाला. या वयात पिल्लू जेमतेम दोन-तीन तास शू धरू शकतं, लहान जातीचं त्याहूनही कमी. म्हणजे हा हट्टीपणा नाही, मूत्राशयच इवलंसं आहे. योग्य जागी केली की तिथल्या तिथे खाऊ द्या. दोन मिनिटांनी दिलात तर तो कशाचा, हे त्याला कळत नाही. ओरडणं, शूत नाक घासणं अजिबात नको, त्याने ते फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकतं. चुकलेली जागा एन्झाइमवाल्या (शूचा वास मुळापासून घालवणाऱ्या) क्लीनरने पुसा. फिनाइल नको, चाटलं तर विषारी. पार्व्होच्या (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या) भीतीने खाली सोडत नाही आहात ते बरोबरच, पण कडेवर घेऊन जरूर फिरवा. मात्र वारंवार थेंबथेंब किंवा कुंथून होत असेल, तर प्रश्न सवयीचा नाही. संसर्ग असू शकतो, डॉक्टरांना दाखवा.