कारला बाहेरून व्होल्टेज स्टॅबिलायझर बसवावा का?

तुम्ही विचारलंय की २०१५ ची पेट्रोल गाडी आहे, रात्री सिग्नलला थांबल्यावर एसी चालू असला की हेडलाइट मंद होतात, अ‍ॅव्हरेजही पूर्वीसारखं मिळत नाही आणि अ‍ॅक्सेसरीजवाला १८०० रुपयांचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बसवायला सांगतोय. बसवू नका. पण तुमची तक्रार खरी आहे आणि तिचं मूळ शोधायलाच हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी रत्नागिरीत वीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय.

स्टॅबिलायझर म्हटलं की आपल्याला फ्रिजशेजारचा टक्-टक् वाजणारा डबा आठवतो. त्यात ट्रान्सफॉर्मर असतो. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज १७० वर उतरलं की तो आतले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, बदलून ते २२० च्या आसपास आणून देतो. गाडीसाठी याच नावाने जे विकतात त्यात असलं काहीच नसतं. एका गिऱ्हाइकाने काढून टाकलेला डबा मी उघडून पाहिला होता. आत २२०० मायक्रोफॅरडचे चार कॅपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज क्षणभर साठवणारे भाग, एक रेझिस्टर, एक निळा एलईडी आणि व्होल्टचे आकडे दाखवणारा छोटा मीटर. बाहेर दोन वायरी, एक बॅटरीच्या प्लसला, एक माइनसला. मध्ये फ्यूजसुद्धा नव्हता.

आता या चार कॅपॅसिटरची ताकद बघा. चारही मिळून ८८०० मायक्रोफॅरड. रेडिएटरचा फॅन सुरू झाला, त्याने १० अँपिअर ओढले आणि समजा तो सगळा भार या डब्यानेच उचलायचं ठरवलं, तर डब्याचं व्होल्टेज एक व्होल्टने उतरायला एक मिलिसेकंदही लागत नाही. डोळ्याची पापणी लवायला याच्या शंभरेक पट वेळ लागतो. आणि हा डबा जोडलाय कशाला? ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला, जिच्यात सव्वा लाख कूलंब वीज भरलेली आहे. भरलेल्या विहिरीशेजारी पळीभर पाणी ठेवून विहिरीला आधार दिला म्हणण्यासारखं आहे हे.

व्होल्टेज आवरण्याचं काम गाडीत पहिल्यापासून होतच असतं. ते डायनामोच्या, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या, पाठीमागे बसवलेला रेग्युलेटर करतो. जुन्या गाड्यांत तो वेगळ्या डबीत असायचा. गाडी चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट राखतो. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, तर बॅटरीच्या व्होल्टेजवर विसंबूनच नसतो. त्याच्या आत स्वतःचा रेग्युलेटर असतो आणि सेन्सरना तो स्वच्छ ५ व्होल्ट पुरवतो. बॅटरीचं व्होल्टेज उतरलं तर इंजेक्टर उघडायला किंचित उशीर लागतो, तोही हिशेब ईसीयू धरतो आणि तेवढा वेळ वाढवून देतो. म्हणून ‘स्पार्क जोरात पडतो, पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज सुधारतं’ या म्हणण्याला धड चालणाऱ्या गाडीत आधार नाही. अ‍ॅव्हरेज कमी झालं असेल तर आधी टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग आणि चिकटून फिरणारा ब्रेक तपासा.

मग ज्यांनी बसवला ते शपथेवर फरक पडला का सांगतात? सगळेच काही खोटं बोलत नाहीत. मागच्या पावसाळ्यात एक शिक्षक गाडी घेऊन आले होते. डबा बसवल्यावर हेडलाइट वाढले हे त्यांचं म्हणणं ठाम होतं, आणि ते खरंही निघालं. त्या डब्यासोबत चार जाड अर्थिंगच्या वायरी आल्या होत्या. बॅटरीच्या माइनसपासून इंजिनाला, गिअरबॉक्सला आणि बॉडीला दोन ठिकाणी जोडलेल्या. मी डब्याची प्लसची वायर काढली आणि गाडी तशीच चालू ठेवली. हेडलाइटवरचं व्होल्टेज तसूभर हललं नाही. मग त्या चार वायरी काढल्या. इंजिनाचं लोखंड आणि बॅटरीचा माइनस यांच्यात मघाशी ०.०६ व्होल्ट होते, ते एकदम ०.६२ झाले, म्हणजे तेवढं व्होल्टेज अर्थिंगच्या वाटेतच वाया जात होतं. गाडीखाली शिरून पाहिलं तर गिअरबॉक्सपाशी कंपनीची तांब्याची विणलेली अर्थ पट्टी हिरवी पडलेली, निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, बोट लावलं की चुरा हातात. खाऱ्या हवेत आमच्याकडे हे नेहमीचं. नवी पट्टी टाकली, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळला. मीटर ०.०४ वर आला. डबा सरांनी खुशीने माझ्याकडेच ठेवला.

तुमच्याही गाडीत असंच काही असण्याची शक्यता मला मोठी वाटते, कारण हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार हळवा असतो. १३.५ व्होल्टचे १२.५ झाले, म्हणजे व्होल्टेज जेमतेम ७ टक्के उतरलं, तरी उजेड २३ टक्क्यांच्या आसपास घटतो. ‘अर्धाच व्होल्ट तर गेला’ असं म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. पावसात घाट उतरताना तो उजेड लागतो.

दुसरं कारण आयडलिंगचं. सिग्नलला इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना डायनामो पूर्ण माल देऊ शकत नाही. दोन हेडलाइट ९-१० अँपिअर, ब्लोअर फुल्ल असेल तर १५ ते २०, रेडिएटरचा फॅन आणखी तितकेच. बेरीज डायनामोच्या त्या वेळच्या कुवतीच्या वर गेली की व्होल्टेज बसणारच, आणि सिग्नल दोन मिनिटांचा असेल तर ते दोन मिनिटं बसलेलं राहील. एका मिलिसेकंदाचा साठा तिथे काय करणार? अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबल्यावर उजेड लगेच पूर्ववत होत असेल आणि मंद होणंही थोडकंच असेल तर तो गाडीचा स्वभाव समजा. खूपच मंद होत असतील तर पट्टा सैल आहे, डायनामोचे कार्बन ब्रश झिजलेत, डायोड गेलाय किंवा अर्थिंग खराब आहे.

हे घरी तपासता येतं. साधा डिजिटल मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा, १२.४ ते १२.६ हवी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. मग गाडी चालू करून हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावा, कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर धरायला सांगा आणि बॅटरीवर मोजा. १३.५ च्या वर असेल तर डायनामोची काळजी नको. याच स्थितीत मीटरची एक पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर आणि दुसरी बॅटरीच्या माइनसच्या खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नको. ०.१ पर्यंत ठीक, त्याच्या वर जाईल तसं अर्थिंगकडे बोट दाखवा. डायनामोच्या जाड वायरीच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंतही असंच बघा, तिथे ०.२ पर्यंत चालतं. फिरत्या पट्ट्याजवळ हात, ओढणी, बाही जाऊ देऊ नका, एवढं कृपा करून सांभाळा.

एक अडचण सांगून ठेवतो. बऱ्याच नव्या गाड्यांत ईसीयू स्वतःच डायनामोचं व्होल्टेज खालीवर करतो, पेट्रोल वाचावं म्हणून. अशा गाडीत मीटर मधूनच १२.६ दाखवतो आणि लोक डायनामो गेला म्हणून घाबरतात. आणि बॅटरीच्या माइनसवर सेन्सरची चौकोनी डबी असेल तर जादा अर्थिंगची वायर थेट बॅटरीच्या खुंटीला कधीच जोडू नका. त्या वायरीतून जाणारी वीज सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेबच चुकतो.

डबा फुकट मिळाला तरी मी नाही का म्हणतो, तेही ऐका. तो निळा एलईडी आणि मीटर गाडी बंद असतानाही चालूच असतात. २० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला १४ अँपिअर-तास उडाले, गाडीचा स्वतःचा किरकोळ खर्च वेगळा. मुलगा मुंबईला आणि गाडी गावच्या पडवीत महिना-महिना उभी, अशी आमच्याकडे कितीतरी घरं आहेत. त्यांच्या बॅटऱ्या अशाच जातात. शिवाय बॉनेटखालची उष्णता. असले स्वस्त कॅपॅसिटर ८५ अंशांचे असतात आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सर्वांत वाईट म्हणजे बिनफ्यूजची वायर. एका गाडीत डबा नुसत्या डबल टेपने चिकटवला होता. टेप उष्णतेने सुटली, डबा लोंबकळला, प्लसची वायर ब्रॅकेटवर घासून सोलली. धूर दिसला तेव्हा गाडीत मागे दोन लहान मुलं बसलेली. वेळेवर टर्मिनल उपटलं म्हणून वाचले. तो दिवस मला अजून आठवतो, आणि म्हणूनच मी हे इतकं लांबलचक लिहितोय.

कॅपॅसिटर हीच वाईट वस्तू असं मात्र मुळीच नाही. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरजवळ, फ्यूज लावून, एक फॅरडचा कॅपॅसिटर बसवतात. तो बेसच्या ठोक्याला थोडी मदत करतो, तीही जाड वायर आणि चांगली बॅटरी आधी असेल तर. माझदाने २०१२ मध्ये तर गाडीचा वेग कमी होताना तयार होणारी वीज मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवायची पद्धत बाजारात आणली. त्यात २५ व्होल्टपर्यंत जाणारा डायनामो आणि व्होल्टेज पुन्हा १२ वर आणणारा कन्व्हर्टर अशी सगळी जोडणी मुळातून केलेली आहे. आपल्या डब्याशी तिचं नातं फक्त नावापुरतं.

त्या १८०० रुपयांत तुम्ही टर्मिनल गरम पाण्याने धुऊन वर पेट्रोलियम जेली लावून घ्या, अर्थ पट्टी बदला, आणि उरलेल्या पैशांत हेडलाइटला फ्यूजसकट रिलेचं वायरिंग टाकून घ्या. रिले लावला की बल्बची वीज स्विचच्या बारीक वायरीतून फिरून न येता जाड वायरीतून सरळ येते. जास्त वॅटचे बल्ब मात्र टाकू नका, कंपनीचे ६०/५५ च ठेवा. आधी ते चार आकडे मोजा आणि इथे खाली लिहा: सकाळचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं, सगळं लावल्यावरचं, आणि इंजिन ते माइनस. ते बघून नेमकं काय बदलायचं ते मी सांगतो.