गुलाबी पिशवी, चंदेरी पिशवी

पावसात आमच्याकडे कपडेही वाळत नाहीत. मग स्टॅटिकची, म्हणजे घासण्यातून अंगावर साठून चिप जाळणाऱ्या विजेची, भीती कशाला? – मोबाइल दुरुस्ती, म्हापसा

अर्धं खरं आहे. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि चार्ज त्यावरून ओघळून जातो. पण सगळा जात नाही. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालताना अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत चार्ज साठू शकतो. दमट हवेत तोच दीड हजारावर येतो. बोटाला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे, आणि काही चिप १०० व्होल्टच्या आतच जातात. म्हणजे तुम्हाला काही कळायच्या आधीच काम तमाम! बरं, जागच्या जागी मेलेली चिप परवडली. अर्धमेली चिप टेस्टिंगला पास होते आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकासोबत दुकानात परत येते. त्यात तुमच्या दुकानात एसी असेल, तर बाहेरचा पाऊस मोजायचाच नाही.

गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी स्वस्त पडते. सगळा माल तिच्यातच ठेवला तर? – स्टोअर्स विभाग, वेर्णा

नको. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज होत नाही, एवढाच तिचा गुण. बाहेरून आलेला झटका ती अडवत नाही. शिवाय तिच्यातलं रसायन हवेतला ओलावा धरून काम करतं आणि काळानुसार विरत जातं. रंगावर तर मुळीच जाऊ नका. गुलाबी रंग कुठल्याही प्लास्टिकला देता येतो. स्क्रू, केबल टाय, कागदपत्रं यांना ती ठीक.

चिप आणि बोर्डांना चंदेरी शील्डिंग पिशवीच हवी. ट्यूबलाइटसमोर धरली की आतला बोर्ड धुरकट दिसतो, इतका तिच्यातला धातूचा थर पातळ असतो. तरी तोच झटका बाहेरच्या बाहेर फिरवतो. फक्त तोंड दुमडून बंद हवं. स्टोअरमध्ये गेलो की मी आधी स्टेपलर शोधतो. पिन मारली की पिशवीला भोक पडलंच. चुरगळून पांढऱ्या रेघा उमटलेली पिशवीही फेकून द्या.

बेळगावला कदंबच्या बसने बोर्ड पाठवतो. चतुर्थीच्या मखराचा उरलेला थर्मोकोल आत भरला तर चालेल? – फोंडा

शील्डिंग पिशवी बंद करून बाहेर भरलात तर एक वेळ चालेल. उघड्या बोर्डाला थर्मोकोल कधीच लावू नका. त्याच्याइतका चार्ज धरणारी वस्तू क्वचितच सापडेल. आणि बोर्डावर बटण सेल असेल तर काळा कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणारा) फोमही नको, सेल हळूहळू उतरतो.

चिपच्या सीलबंद पाकिटातल्या, ओलावा दाखवणाऱ्या कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी झाले. माल वापरू का? – वेर्णा

तसाच नको, ठिपके गुलाबी म्हणजे आत ओल शिरली. तुमचं पाकीट जाड अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे ओलावा रोखणारं. चंदेरी शील्डिंग पिशवी हे काम करत नाही. लेबलवर एमएसएल (चिप ओलाव्याला किती नाजूक, त्याची पातळी) ३ असेल तर पाकीट फोडल्यापासून १६८ तास मिळतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. जुलैत खिडकी उघडी ठेवून हा हिशेब लागू होत नाही. ओल धरलेली चिप रीफ्लोच्या, म्हणजे भट्टीत सोल्डर वितळवून चिप बोर्डाला जोडतानाच्या, उष्णतेत लाहीसारखी फुटते. आधी बेक करा, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून ओल घालवा, पण चिप गुंडाळून येतात त्या रीळसकट १२५ अंशांवर नको. प्लास्टिकचं रीळ वाकडं होईल आणि चिप बसवणारं मशीन ते घेणार नाही.